शेजारचं टेबल

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र मी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे. तरी चूक सापडली तर लाल शाईने गोल कर आणि परत पाठव. तू हसशील. हस.

फोनवर हे सांगता येत नाही. फोन वाजला की बाबा तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवतात, आणि मग घरात पाहुणे बसल्यासारखं होतं. तू बरी, मी बरा, बाबा बरे. संपला फोन.

मी बरा नाही. माझा बाण सुटत नाही. म्हणजे असं, की रेषेवर उभा राहतो, धनुष्य उचलतो, दोरी ओढून हनुवटीखाली आणतो. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. मग बोटं उघडायला हवीत, ती उघडत नाहीत. हात थरथरायला लागतो आणि मी दोरी हळूच परत पुढे नेतो. पुन्हा ओढतो, पुन्हा तेच. शेजारच्या मुली सगळे बाण मारून, लक्ष्यापर्यंत जाऊन, बाण उपटून परत येतात, तेव्हा माझा पहिला बाण अजून धनुष्यावरच असतो. सर आधी ओरडायचे. आता ओरडत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

मार्चच्या शेवटी निवड चाचणी आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला या एका गोष्टीशिवाय दुसरं काही येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. खेळाडूचं मन कुठे अडतं ते शोधायचं शिक्षण तू घेते आहेस. तर माझं शोध. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. हल्ली ते मैदानावर येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.

तुझा,
मास्तर


१७ जानेवारी

प्रिय मास्तर,

भिंग लावून पाहिलं, एकही चूक नाही. माझ्या वर्गातल्या पदवीधरांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवते.

आधी महत्त्वाचं. तुला जे होतंय ते पुष्कळ तिरंदाजांना होतं. हे वेड नाही आणि भित्रेपणा तर नाहीच नाही. त्यातून माणसं बाहेर येतात. पण तुला बाहेर काढणारी मी असू शकत नाही. आपल्या माणसाचं काम घ्यायचं नाही असा आमच्यात कडक नियम आहे. तरी मी आमच्या मार्गदर्शक बाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "सर्जन आपल्या भावावर सुरी चालवतो का? आणि तू तर अजून सुरी धरायला शिकते आहेस." मी मान खाली घालून बाहेर आले.

आता वर्ग संपले आणि प्रत्यक्ष काम सुरू झालं. मला मुलींचा हॉकीचा संघ दिलाय. पहिल्या दिवशी मी म्हणाले, काही त्रास असेल तर माझ्याकडे या. एकेक करून सगळ्या आल्या आणि घोटे दाखवू लागल्या. गोलकीपर अजून मला मालीशवालीच समजते. हे काम सलग करावं लागतं, मध्ये खंड पडला तर पूर्ण वर्ष पुन्हा पहिल्यापासून. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग खंड पडू देऊ नकोस. जसं काही बसचं इंजिनच.

तर तुझ्यासाठी मी माझ्या शेजारणीला विचारलंय. आमची टेबलं एकमेकींना चिकटून आहेत. एक किटली, एक कपाट आणि एक खिडकी आम्ही वाटून घेतो. माझ्याबरोबरच शिकते, पण माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दर गुरुवारी ती तुला मैदानाच्या ऑफिसात फोन करेल. मधल्या दिवसांत तिला पत्र लिहिलंस तरी चालेल. तू तिला जे सांगशील ते तिच्यापाशीच राहील. मी विचारायचं नाही, तिने सांगायचं नाही. तिचा फोन सुरू झाला की मी माझा कप उचलून बाहेर जाते.

बाबांना सांग, गुडघ्यांना तेल लावा आणि हट्ट सोडा.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ताईच्या शेजारीणबाईंस,

नमस्कार. गुरुवारी तुम्ही विचारलंत, की दोरी ताणलेली असताना मला काय ऐकू येतं. काय दिसतं असं विचाराल अशी माझी तयारी होती. मी "काहीच नाही" असं म्हणालो, कारण समोर क्लार्क बसून पेन्सिलीला टोक करत होता आणि त्याचे कान माझ्याकडे होते. माझं उत्तर खरं नव्हतं.

आमचे बाबा बसगाड्या दुरुस्त करायचे. सुटी झाली की हाताच्या ग्रीससकट थेट मैदानावर यायचे आणि माझ्या मागच्या बाकावर बसायचे. तिरंदाजीतलं त्यांना काही कळत नाही. पण मी दोरी फार वेळ धरून ठेवली की ते खाकरायचे, हलकेच, घशात काही अडकल्यासारखं. ती खाकर ऐकू आली की माझी बोटं उघडायची. लहानपणापासून हे असंच. बोटं कधी उघडायची हे मी स्वतः कधी ठरवलेलंच नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला ती खाकर थांबेनाशी झाली. फुप्फुसांचं दुखणं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की फार पुढचं काही ठरवू नका. बाबा मैदानावर येत नाहीत ते गुडघ्यांमुळे नाही. त्यांना बसची पायरी चढवत नाही. घरी मी दिवसभर त्यांच्या खोकल्याकडे कान लावून असतो. मैदानावर दोरी ओढली की तसाच कान लागतो आणि मागे काहीच येत नाही.

हे ताईला सांगायचं नाही असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे. फोनवर नाही, पत्रात नाही. ती शिक्षण टाकून धावत येईल आणि वर्ष बुडवेल, असं त्यांना वाटतं. लहानपणी आमची आई गेली तेव्हा ताईने माझ्यासाठी शाळेचं एक वर्ष बुडवलं होतं, ते त्यांच्या मनात आहे. दिलेला शब्द मी पाळतो. पण तुम्हाला सांगायचं नाही, असं बाबा म्हणाले नव्हते.

ताई तुमच्या शेजारीच बसते.

आपला,
मास्तर (असं ताई म्हणते. मी मास्तर नाही.)


८ फेब्रुवारी

नमस्कार मास्तर,

तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. हे एकट्याने पोटात ठेवून धनुष्य उचलत होतात, मग हात थरथरला तर त्यात नवल नाही. मागची खाकर येत नाही तेव्हा बोटं कशावर उघडायची, याचा आपण दोघं मिळून शोध घेऊ. गुरुवारी क्लार्कना चहाला पाठवता आलं तर पाहा.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. तुमच्या पत्रातलं काहीही मी ताईला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. मी सांगावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं मला स्पष्ट शब्दांत लिहा. पण माझ्या मते तुम्हीच सांगणं सगळ्यात चांगलं. बाबांना दिलेला शब्द मोठा आहे, मला कळतं. तरी विचार करा. लवकर करा.

तुमची,
शेजारीण


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी या पत्रात काही लिहिणार नाही, कारण लिहायचं नाही असं ठरलं आहे. पण लिहायची आता गरजही नाही. रविवारी तू फोनवर बोललीस तेव्हा तुझा आवाज बसलेला होता, आणि थंडीत बाहेर पडू नका असं तू बाबांना दोनदा बजावलंस. तेवढ्यावरून मला समजलं, की तुला कळलं आहे. शेजारीणबाईंनी मला लिहिलं आहे की त्या तुला काही सांगत नाहीत. त्यांना तसं लिहावंच लागत असणार. आमच्या ऑफिसातही प्रत्येक कागदावर गोपनीय असा शिक्का असतो आणि चहा येईपर्यंत तो सगळ्यांचा वाचून झालेला असतो. एका किटलीतला चहा पिणाऱ्या दोघींत काय लपून राहणार. त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्यावर मोठे उपकार झाले.

तू छान निभावलंस. बाबांना अजिबात शंका आली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, पोरगी जोरात आहे.

आता एवढंच विचारायचं आहे. येशील का? किती वेळ उरला आहे ते तुला माहीत आहे. मला एकट्याला हे जमेल असं वाटत नाही. तू शेजारी असलीस तर जमेल. चाचणीच्या दिवसापर्यंत थांबू नकोस, त्याच्या आधी ये.

तुझा,
मास्तर


२७ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

तुझं पत्र वाचून जीव गलबलला. हो, तुझं काय चाललंय ते मला कळतं. त्यासाठी शेजारणीने काही सांगायची गरज नाही. तू रांगत होतास तेव्हापासून तुला ओळखते.

पण मी येणार नाही. हे लिहिताना मला काय होतंय ते कागदावर मांडत नाही. आपलं माणूस जवळ असलं की धीर येतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर ओझं वाढतं. मी आले तर तू सगळा भार माझ्यावर टाकून मोकळा होशील आणि नेमक्या वेळी कोसळशील. हा प्रसंग तुला एकट्यालाच पार पाडायचाय. तुला तो पार पाडता येईल, असा माझा विश्वास आहे. नुसता बहीण म्हणून नाही, शिकलेली म्हणूनही सांगते.

इथलं काम दोन महिन्यांत संपतंय. गोलकीपर परवा पहिल्यांदा घोटा न दाखवता बोलली, अर्धा तास बोलली. मी बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसत बसले. आता मध्येच सोडलं तर तिचंही जाईल आणि माझंही. बाबासुद्धा हेच म्हणतील. काम संपलं की येते, मग आपण तिघं निवांत बसू. तोवर बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. उगाच काळजी करतील.

तुझी,
ताई


११ मार्च

ताईस,

तुझं पत्र मिळालं. ताई काय लिहिते असं बाबांनी विचारलं. काम आहे, दोन महिन्यांनी येते, असं मी सांगितलं. ते शाबास म्हणाले, मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

शिकलेल्या माणसांना असं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी चाचणीला नाव दिलेलं नाही. शेजारीणबाईंचे फोनही आता घेत नाही, त्यांना तसं कळव किंवा कळवू नकोस. यापुढे पत्र लिहिणार नाही. तुझ्या कामात खंड नको.

मास्तर


१८ एप्रिल

प्रिय मास्तर,

परत येऊन आठवडा झाला. घरात कुणी गेलं तर ते दिवस खंड धरत नाहीत, असं इथे आल्यावर कळलं. तुला लिहायला बसते आणि उठते.

समोरच्या काकांचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होते. मुलींना मोठा श्वास घ्यायला सांगत होते. तशीच निघाले. गाडीत बसल्यावर कळलं की कुणाची तरी शिट्टी माझ्या मुठीतच राहिली आहे. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. फाटकापाशी तू उभा होतास. मी हात पुढे केला, तर तू म्हणालास, "आता कशाला आलीस?" त्यानंतर मी तिथे होते तितके दिवस तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. ताट समोर ठेवायचास आणि निघून जायचास.

बाबांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. कपाटात औषधं होती, हिवाळ्यापासूनची. समोरच्या काकूंना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला माहीत होतं. त्याने मला सांगितलं, की शेवटी शेवटी तू बाबांसाठी फक्त मऊ पावच न्यायचास. किराणावाल्याला माहीत होतं, मास्तर. मला का नाही? चाचणीला आले नाही म्हणून तू मला अशी शिक्षा दिलीस? तू असा नाहीस. मी तुला ओळखते असं मीच लिहिलं होतं. आता ते वाक्य आठवलं की ताट बाजूला सारते.

एवढंच सांग. बाबांनी माझ्याबद्दल विचारलं होतं का?

तुझी,
ताई


२५ एप्रिल

प्रिय ताई,

तुला माहीत नव्हतं.

हे एवढं वाक्य मी कच्च्या कागदावर पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. दर वेळी बरोबरच येतं.

मी फेब्रुवारीतच शेजारीणबाईंना सगळं लिहिलं होतं. बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, ताईला सांगायचं नाही. त्या तुला सांगतील म्हणून मी त्यांना लिहिलं. म्हणजे शब्दही राहील आणि तुला कळेलही. सांगणार नाही, सांगायला हवं असेल तर स्पष्ट लिहा, असं त्यांनी मला कळवलं होतं. तसं लिहिलं असतं तर माझ्या हातून शब्द मोडला असता. मी तसं न लिहिता त्यांनी आपणहून सांगितलं तर तो मोडला नसता. असा माझा हिशेब होता. त्या खरंच सांगणार नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग फोनवर तुझा आवाज बसलेला ऐकला.

तुझं ते पत्र मी चाचणीबद्दलचं म्हणून एकदाही वाचलं नव्हतं. काल तसं वाचलं. चांगलं पत्र आहे. तू माझ्यासाठी किती जपून लिहिलं आहेस.

तू विचारलंस त्याचं उत्तर. हो, विचारलं होतं. शेवटच्या दिवसांत शब्द मोडायला ते स्वतःच तयार झाले होते. म्हणाले, "बोलाव आता तिला. एक वर्ष बुडालं तर बुडू दे." मी म्हणालो, तिला सगळं माहीत आहे बाबा, तिला जमत नाही. त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाले, बरोबर आहे, तिला खंड पडू देऊ नकोस.

तुला जमत नाही असं समजून ते गेले, ताई. हे तुझ्यापासून लपवता आलं असतं. पण आता मी तुझ्यापासून काही लपवणार नाही.

तुझा,
मास्तर


६ मे

प्रिय मास्तर,

मला सर्दी झाली होती. म्हणून आवाज बसला होता. फक्त सर्दी.

तुझं पत्र मी शेजारणीच्या टेबलावर ठेवलं. आता आमची टेबलं लांब आहेत. मार्चमध्ये तिने आपलं टेबल पलीकडच्या भिंतीला नेलं, तेव्हा तिला उजेड हवा असेल असं मला वाटलं होतं. तिने पत्र उलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, तुझ्या भावाने मला लिहिल्याशिवाय मी यावर आजही बोलू शकत नाही. मग किटलीत पाणी भरायला गेली आणि बराच वेळ नळ सुरूच राहिला.

आता आठवतं. त्या महिन्यांत ती रोज सकाळी मला विचारायची, "घरी फोन केलास का?" मी वैतागायचे. रविवारी करतेच की, म्हणायचे. एकदा म्हणाली, रविवारीच का, आज कर ना, घरी जाऊन ये ना एकदा. मी तिला म्हणाले, तू माझी सासू आहेस का. ती हसली नाही. तिला जेवढं करता येत होतं तेवढं ती रोज करत होती, मास्तर. माझ्या अगदी कानाशी.

परवा माझी तोंडी परीक्षा झाली. बाईंना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी सहज विचारलं, आपल्या सहकाऱ्याच्या घरातली गंभीर गोष्ट खेळाडूकडून आपल्याला समजली, तर सांगायची का? मी म्हणाले, नाही. खेळाडूला सांगायला उद्युक्त करायचं, वाट पाहायची, पण आपण सांगायचं नाही. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर. मी पास झाले.

बाहेर जिन्यात बसले. त्याच पायरीवर, जिथे गोलकीपरच्या दिवशी हसत बसले होते.

तुझ्यावर राग आहे. बाबांवर आहे. माझ्यावर किती आहे ते सांगत नाही. शेजारणीवर धरायला राग सापडत नाही, म्हणून तिच्याशी बोलता येत नाही. तू एकटा नीट जेवतोस का ते कळव. पंधरवड्यात येते. फाटकापाशी उभा राहा.

तुझी,
ताई


१६ मे

प्रिय ताई,

नमस्कार. जेवतो. खाट मी पुन्हा आडवी केली आहे, तू आलीस की तुला झोपायला होईल.

काल मैदानावर गेलो. सरांनी नुसती किल्ली दिली. कुणी यायच्या आत रेषेवर उभा राहिलो. धनुष्य उचललं, दोरी हनुवटीखाली आणली. सवयीने कान मागे गेला. मागे बाक होतं आणि बाकावर कुणी नव्हतं. कुणी येणारही नव्हतं. हे मला इतकं स्वच्छ समजलं, की बोटं आपोआप उघडली.

बाण गेला. मग दुसरा गेला. सगळे गेले. हात थरथरला नाही. मी लक्ष्यापर्यंत चालत गेलो, बाण उपटले, आणि तिथेच उभा राहिलो. परत रेषेकडे यावंसं वाटेना. ज्याची मी सबंध हिवाळाभर वाट पाहत होतो ते हेच होतं, आणि ते यायला हे व्हावं लागलं.

तुझ्या शेजारीणबाईंना सांग, की बाण सुटतो. आणि त्यांची काही चूक नव्हती, असंही सांग.

नको. तू सांगू नकोस. त्यांना मी स्वतः वेगळं पत्र लिहितो.

तुझा,
मास्तर